बायबलमधील आशीर्वाद व अभिवचने : व्यक्तिगत चिंतनाच्या मराठी परंपरेचा चिकित्सक अभ्यास (ठाणे-कल्याण-डोंबिवली परिसराच्या विशेष संदर्भात)

१. प्रस्तावना

ठाणे शहरातील टेंभी नाका परिसरात १८७९ साली उभारलेले बेने इस्राएल समाजाचे प्रार्थनामंदिर 'शआर हश्शामाईम' या नावाने ओळखले जाते. या हिब्रू नावाचा अर्थ 'स्वर्गाचे द्वार' असा आहे. हे शब्द उत्पत्तीच्या पुस्तकातील अठ्ठाविसाव्या अध्यायातून आले आहेत. भावाच्या रागाला भिऊन घर सोडलेला याकोब उघड्या माळावर दगड उशाला घेऊन झोपतो, स्वप्नात त्याला पृथ्वीपासून स्वर्गापर्यंत पोहोचलेली शिडी दिसते आणि परमेश्वर त्याला भूमीचे, संततीचे व सोबतीचे अभिवचन देतो. जागा झाल्यावर याकोब भयचकित होऊन त्या जागेला स्वर्गाचे द्वार म्हणतो. ठाण्याच्या गजबजलेल्या वस्तीतील एका इमारतीचे नाव अशा प्रकारे एका अभिवचनाच्या स्मरणातून सिद्ध झालेले आहे.

बायबलमधील आशीर्वाद आणि अभिवचने यांचे व्यक्तिगत चिंतन ही श्रद्धावंतांच्या नित्य आचारातील गोष्ट असल्याने साहित्याभ्यासाने तिची फारशी दखल घेतलेली नाही. ईश्वरशास्त्रीय विवेचनात मूळ संहितेचा अर्थ महत्त्वाचा मानला जातो, समाजशास्त्रीय विवेचनात समूहाचा आचार. वचन वाचणारा वाचक आणि त्याच्या हातातील मराठी शब्द या दोहोंमध्ये काय घडते, हा प्रश्न दोन्हीकडे बाजूला राहतो. वास्तविक हा वाचनप्रक्रियेचा, म्हणजेच समीक्षेचा प्रश्न आहे. एका विशिष्ट काळी, विशिष्ट समूहाला उद्देशून उच्चारलेले वचन शेकडो पिढ्यांनंतरच्या एका वाचकाने 'हे माझ्यासाठी आहे' असे कोणत्या आधारावर म्हणावे? तसे म्हणताना तो संहितेशी प्रामाणिक राहतो की तिचा केवळ उपयोग करून घेतो? प्रस्तुत निबंधात या प्रश्नांचा विचार मराठी भाषेच्या अंगाने आणि ठाणे व परिसरातील वाचनपरंपरांच्या आधारे करण्याचा प्रयत्न आहे.

२. शब्दांचा प्रश्न : आशीर्वाद, धन्यवाद, धन्य

चिंतन शब्दांवाचून होत नाही. मराठी वाचक ज्या शब्दांतून बायबल वाचतो त्या शब्दांना बायबलपूर्व इतिहास आहे. सेरामपूरच्या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मराठी नवा करार छापला. पुढे मुंबईतील अमेरिकन मराठी मिशनने भाषांतराचे काम हाती घेतले. त्या काळापासून रूढ झालेली परिभाषा आजही मराठी ख्रिस्ती समाजाच्या तोंडी आहे.

हिब्रूतील 'बराख' हे क्रियापद येथे विचारात घेण्यासारखे आहे. त्याची गती दुहेरी आहे. देव माणसाला 'बराख' करतो आणि माणूसही देवाला 'बराख' करतो. मराठीत हे शक्य नाही. मराठी संस्कारात आशीर्वाद वरून खाली येतो. वडीलधारी व्यक्ती देते, नमस्कार करणारा घेतो. धाकट्याने थोरल्याला आशीर्वाद देणे हा औचित्यभंग ठरतो, मग माणसाने देवाला देणे दूरच. त्यामुळे भाषांतरकारांनी एकाच क्रियापदाचे दोन मराठी शब्द केले. देवाकडून येतो तो 'आशीर्वाद' आणि माणसाकडून जातो तो 'धन्यवाद'. मराठीच्या स्वभावाला धरून केलेली ही विभागणी योग्यच आहे, तथापि तिच्यामुळे एक गोष्ट हरवली. हिब्रू वाचकाला आशीर्वाद म्हणजे एकाच शब्दाची ये-जा आहे असे जाणवते. मराठी वाचकाला घेणे व आभार मानणे या दोन स्वतंत्र क्रिया वाटतात. आशीर्वादांची मोजदाद करणारे आणि परतफेडीचा विचार न करणारे चिंतन मराठीत सहज संभवते, त्याचे एक कारण या शब्दविभागणीत शोधता येईल.

तिसरा शब्द 'धन्य'. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाचा आरंभ ज्या नऊ उद्गारांनी होतो, त्यांतील मूळ ग्रीक शब्द 'माकारिऑस' हा आहे. तो आशीर्वाद देण्याचा शब्द नाही. एखाद्याची स्थिती पाहून 'याचे भाग्य थोर' असे म्हणण्याचा तो शब्द आहे. मराठीने त्याला 'धन्य' हा प्रतिशब्द दिला आणि संतवाङ्मयात रुळलेला हा शब्द येथे चपखल बसला. मात्र बोलीत 'धन्य आहे तुझी' असे म्हणताना त्यात उपरोधही असतो. दीन, शोक करणारे, छळ सोसणारे यांना धन्य म्हणणे हे ऐकणाऱ्याला प्रथम विपरीतच वाटले पाहिजे, आणि मराठी शब्दातील ही उपरोधाची छटा त्या विपरीतपणाची आठवण नकळत जागी ठेवते. ठाण्याच्या इतिहासात या उद्गारांचे एक कठोर भाष्य सापडते. १३२१ साली येथे चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू मारले गेले. थोड्याच काळाने येथे आलेल्या ओदोरिक या प्रवाशाने त्यांचा वृत्तान्त लिहून ठेवला. छळ सोसणाऱ्यांना उद्देशून असलेला 'धन्य' हा शब्द सुरक्षिततेची हमी देत नाही, हे त्या घटनेवरून स्पष्ट व्हावे.

३. वचन, अभिवचन आणि करार

'आशीर्वाद' या शब्दाच्या बाबतीत मराठीने काही गमावले असेल, तर 'वचन' या शब्दाच्या बाबतीत काही कमावलेही आहे. प्राचीन हिब्रूत 'प्रतिज्ञा' किंवा 'अभिवचन' या अर्थाचे स्वतंत्र नाम नाही. तेथे 'दाबार' म्हणजे 'शब्द', 'बोलणे' याच नामाने काम भागते. देवाचा शब्द हाच त्याचा करार. मराठीतील 'वचन' या शब्दातही बोललेली गोष्ट व दिलेला शब्द हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. 'त्याने शब्द दिला', 'शब्द पाळला' हे मराठीचे नित्याचे वाक्प्रचार आहेत. कैकेयीला दिलेल्या दोन वरांनी बांधला गेलेला दशरथ मराठी श्रोत्याला कीर्तनातून परिचित आहे. वचन देणारा वचनाने स्वतःच बांधला जातो, ही कल्पना त्याला शिकवावी लागत नाही.

ख्रिस्ती मराठीने पुढे 'अभिवचन' हा शब्द खास परिभाषा म्हणून स्थिर केला. 'वचनदत्त देश' हाही त्याच घडणीचा शब्द. परिभाषेमुळे नेमकेपणा आला, परंतु 'शब्द' आणि 'दिलेला शब्द' यांमधील सहज नाते काहीसे सैल झाले. अभिवचन ही संहितेतून वेचून काढता येणारी, यादीत मांडता येणारी वस्तू आहे असा समज होण्यास त्यामुळे वाव मिळाला.

या समजाला उतारा देणारा शब्द मराठी बायबलच्या मुखपृष्ठावरच आहे. जुना करार आणि नवा करार या दोन नावांतील 'करार' हा शब्द मराठी माणसाच्या व्यवहारातला आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथे अकरा महिन्यांच्या भाडेकराराने राहिलेल्या असंख्य कुटुंबांना करारातील अटी म्हणजे काय, हे चांगले ठाऊक असते. अनुवादाच्या पुस्तकातील अठ्ठाविसाव्या अध्यायात पहिल्या चौदा ओव्यांत आशीर्वाद आहेत आणि उरलेल्या चौपन्न ओव्यांत शाप. आज्ञापालनाची अट दोहोंच्याही मुळाशी आहे. चिंतनासाठी पहिल्या चौदा ओव्या घेऊन उरलेल्या सोडून देणारा वाचक कराराची सोयीस्कर पाने तेवढी जपून ठेवणाऱ्या भाडेकरूसारखा ठरतो.

४. 'तू' आणि 'तुम्ही'

अभिवचन कोणाला दिले आहे, हा व्यक्तिगत चिंतनातील मूलभूत प्रश्न व्याकरणातून उकलू लागतो. हिब्रूत मध्यम पुरुषाचे एकवचन व अनेकवचन वेगळे आहे. मराठीतही 'तू' व 'तुम्ही' असा भेद आहे. आधुनिक इंग्रजीत तो राहिलेला नाही. या दृष्टीने मराठी वाचक मूळ संहितेच्या अधिक जवळ उभा आहे.

यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावी ओवी हे याचे ठळक उदाहरण होय. हिताचे संकल्प व आशादायक भविष्य यांविषयीचे हे वचन आज जगभर परीक्षार्थी, आजारी व बेकार अशा व्यक्तींना दिलासा म्हणून दिले जाते. मुळात ते बाबेलमध्ये हद्दपार झालेल्या समूहाला लिहिलेल्या पत्रातील आहे आणि त्यातील सर्वनाम अनेकवचनी आहे. त्याच्या अगोदरच्या ओवीत सत्तर वर्षांचा अवधी सांगितला आहे. याचा अर्थ, पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हयातीत हे अभिवचन पूर्ण होणार नव्हते. पत्राचा आरंभ तर अधिकच लक्षणीय आहे. घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या परक्या नगरात तुम्ही आहात त्याच्या कल्याणासाठी झटा, कारण त्याच्या कल्याणातच तुमचे कल्याण आहे, असा त्याचा आशय आहे.

कल्याण-डोंबिवली हा परिसर रेल्वेमुळे वाढलेला आणि बाहेरून आलेल्यांनी वसवलेला आहे. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १८५३ साली धावली व पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. कोकणातून, देशावरून आणि परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांनी येथे घरे केली. त्यांतील ख्रिस्ती कुटुंबांच्या दृष्टीने यिर्मयाचे हे पत्र म्हणजे अगदी आपल्या पत्त्यावर आलेले पत्र ठरू शकते. मात्र त्यासाठी ते संपूर्ण वाचले पाहिजे. केवळ अकरावी ओवी वाचणाऱ्याला 'माझे भले होईल' एवढेच मिळते. सातव्या ओवीपासून वाचणाऱ्याला आपल्या नगराचे रस्ते, पाणी, शेजार व शाळा यांच्याशी आपले भवितव्य जोडलेले दिसते. समूहाला दिलेले वचन व्यक्तीने घेऊ नये असा याचा अर्थ नाही, तर समूहाचा घटक म्हणून ते घ्यावे असा आहे.

येथे मराठीची एक गुंतागुंत ध्यानात घ्यावी लागते. मराठीतील 'तुम्ही' आदरार्थी एकवचनही आहे. पत्रातील 'तुम्ही' वाचताना सुशिक्षित वाचकाच्या कानाला तो स्वतःलाच आदराने उद्देशिल्यासारखा वाटू शकतो. इंग्रजी चिंतनपुस्तिकांच्या भाषांतरात तर याहून पुढची पायरी संभवते. भाषांतरकारापुढे भेदरहित इंग्रजी सर्वनाम असते आणि जिव्हाळ्यासाठी तो 'तू' निवडतो. अशा रीतीने बाबेलमधील हजारो निर्वासितांना लिहिलेले पत्र एका वाचकाच्या खाजगी पत्राचे रूप धारण करते. व्याकरणातील एवढ्याशा बदलाने ईश्वरशास्त्र बदलते, हे समीक्षकाने दाखवून दिले पाहिजे.

याच्या उलट उदाहरणही बायबलमध्ये आहे. गणनेच्या सहाव्या अध्यायातील याजकीय आशीर्वाद संपूर्ण इस्राएल लोकांवर उच्चारायचा आहे, परंतु त्यातील सर्वनाम एकवचनी आहे. हिब्रूत तीन, पाच व सात शब्दांच्या चढत्या तीन ओळींचा हा आशीर्वाद समूहासमोर उभे राहून प्रत्येकाला 'तू' म्हणतो. यिर्मयाचे पत्र अनेकांना एकत्र बांधते, तर याजकाचा आशीर्वाद अनेकांतील प्रत्येकाला वेगळे ओळखतो. व्यक्तिगत चिंतनाचा शास्त्राधार शोधायचा तर तो येथे आहे. जेरुसलेमजवळच्या केतेफ हिन्नोम येथे १९७९ साली उत्खननात सापडलेल्या दोन चिमुकल्या रुपेरी गुंडाळ्यांवर याच आशीर्वादाचे शब्द कोरलेले आढळले. त्या अंगावर बाळगण्याच्या ताइतांसारख्या असाव्यात असे अभ्यासक मानतात आणि त्यांचा काळ सुमारे सव्वीसशे वर्षांपूर्वीचा धरला जातो. सामूहिक आशीर्वाद स्वतःपुरता जवळ बाळगण्याची ओढ आधुनिक व्यक्तिवादातून निर्माण झालेली नाही, हे यावरून दिसून येते.

५. ठाण्यातील सामुदायिक स्मरण

हाच याजकीय आशीर्वाद ठाण्यात निरनिराळ्या परंपरांतून ऐकू येतो. यहुदी उपासनेत त्याला मानाचे स्थान आहे. रोमन कॅथलिक पंचांगानुसार १ जानेवारीच्या मिस्सेतील पहिले वाचन गणनेच्या याच अध्यायातील असते. प्रॉटेस्टंट उपासनेच्या समाप्तीलाही तो उच्चारला जातो. एकमेकांपासून दूर गेलेले समाज निदान या तीन ओळींपुरते एकाच शब्दांखाली उभे राहतात.

बेने इस्राएल परंपरेतील चिंतनाचे स्वरूप प्रामुख्याने सामुदायिक आहे. मराठी भाषांतरासह छापलेली हगादा मुंबईत १८४६ साली प्रसिद्ध झाली आणि पुण्यातील सचित्र हगादा १८७४ साली. वल्हांडणाच्या रात्री कुटुंबाने एकत्र बसून वाचायच्या या ग्रंथात प्रत्येक पिढीतील प्रत्येकाने आपण स्वतः मिसर देशातून बाहेर पडलो असे मानावे, असा दंडक आहे. व्यक्तिगत चिंतनाची ही अत्यंत प्रगल्भ पद्धत म्हणावी लागेल. वाचक वचन आपल्या काळात ओढून आणत नाही, तर स्वतः वचनाच्या काळात जातो, आणि तेही एकटा जात नाही.

एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या स्मरणार्थ केला जाणारा मलिदा हा बेने इस्राएलांचा वैशिष्ट्यपूर्ण विधी आहे. गोड केलेले पोहे, खोबरे आणि फळे ताटात मांडून प्रार्थना म्हटल्या जातात. लग्नकार्य, नवस फेडणे, संकटातून सुटका अशा प्रसंगी तो होतो. त्या वेळी उत्पत्तीच्या सत्ताविसाव्या अध्यायातील, आकाशाचे दहिवर व भूमीची समृद्धी मागणारा आशीर्वादही म्हटला जातो. हा आशीर्वाद मुळात इसहाकाने दिला तो फसवणुकीमुळे. अंध पित्यापुढे याकोबाने भावाचे सोंग घेतले आणि थोरल्याचा वाटा पळवला. नंतर आलेल्या एसावाचा, तुमच्याजवळ एकच आशीर्वाद होता काय, हा आक्रोश जुन्या करारातील अत्यंत हृदयद्रावक प्रसंगांपैकी एक आहे. आनंदाच्या प्रसंगी म्हटल्या जाणाऱ्या शब्दांमागे वंचित राहिलेल्या भावाचे रडणे आहे, याची जाणीव ठेवणारे चिंतन आशीर्वादाला स्वार्थापासून वाचवते.

अभिवचन कोणाचे, या प्रश्नाला बेने इस्राएलांच्या बाबतीत ऐतिहासिक धारही आली. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे तेथे गेली. वचनदत्त देश हा त्यांच्या प्रार्थनेतील शब्द आता प्रवासाच्या कागदपत्रांत उतरला. परंतु १९६०च्या दशकाच्या आरंभी तेथील धर्मपीठाने विवाहाच्या संदर्भात त्यांच्या वंशशुद्धतेविषयी शंका उपस्थित केली. मोठ्या संघर्षानंतर १९६४ साली इस्राएलच्या संसदेने त्यांच्या समान दर्जाची ग्वाही दिली. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके शब्बाथ पाळणाऱ्या, अभिवचन पिढ्यान्पिढ्या उराशी धरणाऱ्या समाजाला 'ते अभिवचन तुमचेच कशावरून' असे विचारले गेले. जे ठाण्यात राहिले त्यांनी टेंभी नाक्यावरील स्वर्गाचे द्वार सांभाळले. याकोबालाही ते द्वार वचनदत्त घर सोडून जाताना, वाटेवरच दिसले होते, ही गोष्ट येथे अर्थपूर्ण वाटते.

६. व्यक्तिगत चिंतनाची मराठी वाट : टिळक, रमाबाई, दिब्रिटो

मराठी ख्रिस्ती साहित्यात व्यक्तिगत चिंतनाला वाङ्मयीन रूप दिले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळून राहिले, असा वृत्तान्त त्यांच्या चरित्रांत येतो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांची वाचनपद्धती समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. बायबलमधील वचनांवरील आपले मनन त्यांनी अभंगात मांडले. अभंगाची प्रकृती मागण्याची कमी आणि भांडण्याची, आळवण्याची, समर्पणाची अधिक आहे. देवाने दिलेल्या शब्दाची त्याला आठवण करून देण्याचा हक्क तुकोबांनी मराठी भक्ताला मिळवून दिला होता. टिळकांनी तोच हक्क ख्रिस्तापुढे वापरला. परिणामी त्यांच्या चिंतनात अभिवचन हे नात्यातील बोलणे म्हणून येते, हिशेबातील जमा म्हणून येत नाही.

पंडिता रमाबाईंचा (१८५८-१९२२) मार्ग वेगळा होता. त्यांच्या कुटुंबाने तीर्थयात्रा व पुराणपठण यांत आयुष्य वेचले आणि १८७०च्या दशकातील दुष्काळात आई, वडील व थोरली बहीण यांना त्यांनी डोळ्यांदेखत गमावले. पठणाने फळ मिळते या आश्वासनाचा फोलपणा त्यांनी भुकेने अनुभवला होता. त्यामुळे पुढे बायबलमधील अभिवचनांकडे वळताना त्या भोळेपणाने वळल्या असे म्हणता येत नाही. केडगाव येथील मुक्ति मिशनमध्ये त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. सामान्य, अल्पशिक्षित स्त्रीला समजेल अशी भाषा हे त्यांचे उद्दिष्ट होते. या कामाच्या शेवटच्या टप्प्यात, १९२१ साली, एकुलती एक कन्या मनोरमा यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी रमाबाईही गेल्या. अभिवचनांचे शब्द लावीत असताना ज्या बाईवर असा आघात झाला, तिने काम थांबवले नाही. चिंतन म्हणजे आपल्यासाठी एखादे वाक्य निवडणे एवढेच नसते. संपूर्ण संहिता, तिच्यातील विलापांसह, इतरांच्या हाती पोहोचवणे हेही चिंतनच होय, हे रमाबाईंच्या उदाहरणावरून शिकण्यासारखे आहे.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२-२०२४) यांनी हीच वाट अलीकडच्या काळात पुढे नेली. वसई तालुका २०१४ साली पालघर जिल्ह्याच्या निर्मितीपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सर्व श्रद्धावंतांनी शास्त्राचे वाचन करावे असा आग्रह धरला होता. दिब्रिटोंचे 'सुबोध बायबल' (२०१०) हे त्या आग्रहाचे मराठीतील पक्व फळ होय. संहितेसोबत पार्श्वभूमी आणि स्पष्टीकरण देण्याची त्यांची पद्धत व्यक्तिगत वाचकाला एकटे सोडत नाही. या ग्रंथातील नव्या कराराच्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथील ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. त्यांच्या निवडीला विरोधही झाला. बायबलचे मराठी वाचन हा मराठी साहित्याचा भाग आहे की नाही, हा प्रश्न त्या निमित्ताने उघडपणे पुढे आला आणि संमेलनाने आपल्या कृतीने त्याचे उत्तर दिले.

७. चिंतनाच्या मर्यादा आणि धोके

इंग्लंडमधील प्रसिद्ध धर्मोपदेशक चार्ल्स स्पर्जन यांनी १८८८ साली रोज एक अभिवचन या पद्धतीचे पुस्तक लिहिले आणि त्याच्या नावातच श्रद्धेला पेढीची व अभिवचनाला धनादेशाची उपमा दिली. ही उपमा पुढे फार लोकप्रिय झाली. वर्षारंभीच्या उपासनेत वचनाची चिठ्ठी उचलून ती वर्षभरासाठी आपली मानण्याचा अनेक मंडळ्यांतील प्रघात याच वृत्तीशी जुळणारा आहे. या प्रघातामागील भाव निर्मळ आहे. अनिश्चित आयुष्यात एखादे वाक्य सोबतीला असावे, ही गरज कोणीही हसण्यावारी नेऊ नये. पहाटेच्या लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्या, गृहकर्जाचे हप्ते फेडणाऱ्या किंवा रुग्णालयाच्या बाकावर रात्र काढणाऱ्या माणसाला स्तोत्रसंहितेतील एक ओळ जो धीर देते, तो खरा असतो.

प्रश्न उद्भवतो तो धनादेश वटत नाही तेव्हा. आजारी बरा होत नाही, नोकरी मिळत नाही, मूल वाचत नाही. उपमेच्या तर्कानुसार मग दोन शक्यता उरतात : पेढी बुडीत आहे किंवा सही चुकली आहे. श्रद्धावान पहिली मान्य करू शकत नाही, म्हणून तो दोष स्वतःच्या विश्वासाकडे घेतो. दुःखावर अपराधभावाचा डाग दिला जातो. अभिवचनांच्या व्यक्तिगत वाचनाची चिकित्सा आवश्यक ठरते ती या माणसासाठी. ही चिकित्सा श्रद्धेच्या विरोधात नाही, ती श्रद्धावंताच्या बाजूची आहे.

विशेष म्हणजे ही चिकित्सा बायबलनेच आरंभिलेली आहे. रानातील परीक्षेच्या प्रसंगी सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि एक्याण्णवाव्या स्तोत्रातील संरक्षणाचे अभिवचन त्याला ऐकवतो. वचन अस्सल आहे, उद्धरण बहुतांशी अचूक आहे, वाचन मात्र घातक आहे. येशू त्याला दुसरे शास्त्रवचन सांगून उत्तर देतो. एका वचनाचा अर्थ दुसऱ्या वचनाच्या संगतीत लावायचा असतो, हे व्याख्यानशास्त्रातील तत्त्व येथे कथारूपाने आले आहे. यिर्मयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातील हनन्या हा संदेष्टा दोन वर्षांत सुटका होईल असे सांगतो आणि यिर्मया सत्तर वर्षे सांगतो. लोकांना अर्थातच दोन वर्षे हवी होती. गोड अभिवचन आणि खरे अभिवचन यांतील फरक ओळखण्याचे सामर्थ्य ज्यातून येत नाही ते चिंतन अपुरे होय. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा अकरावा अध्याय तर अभिवचनाची पूर्ती न पाहताच मेलेल्यांची विश्वासू म्हणून गणना करतो.

याकोबाचे उदाहरण येथे पुन्हा उपयोगी पडते. शिडीच्या स्वप्नात परमेश्वराने विनाअट अभिवचन दिले, पण जागा झाल्यावर याकोबाने त्याला अटी घातल्या. अन्न, वस्त्र व सुखरूप परतणे मिळाले तर तू माझा देव, असा त्याचा नवस होता. व्यक्तिगत चिंतनाची ही पहिली पायरी, आणि बायबल ती लपवत नाही. वीस वर्षांनी यब्बोक नदीकाठी तोच याकोब रात्रभर झुंजतो, आशीर्वाद मिळाल्याशिवाय सोडणार नाही असे म्हणतो आणि पहाटे लंगडत निघतो. दुसऱ्याच दिवशी तो एसावाला सामोरा जाऊन आपली भेट स्वीकारण्याची गळ घालतो. त्या भेटीसाठी हिब्रू संहितेत 'आशीर्वाद' हाच शब्द आहे. पळवलेला आशीर्वाद अशा रीतीने परत होतो. नवसापासून झुंजीपर्यंत आणि झुंजीपासून परतफेडीपर्यंतचा हा प्रवास म्हणजे चिंतनाच्या परिपक्वतेचा आलेख मानता येईल.

८. निष्कर्ष

१) मराठीतील 'आशीर्वाद', 'धन्यवाद' व 'धन्य' या शब्दांच्या विभागणीमुळे आशीर्वादाची मूळ दुहेरी गती झाकली जाते, चिंतनाने ती पुन्हा जोडून घेतली पाहिजे.

२) 'वचन' व 'करार' हे शब्द मराठी वाचकाला मूळ संकल्पनेच्या जवळ नेतात. अटींपासून तोडलेली अभिवचनांची यादी या शब्दांच्या प्रकृतीला धरून नाही.

३) 'तू' आणि 'तुम्ही' यांतील भेद मराठीत टिकून असल्याने अभिवचन व्यक्तीला आहे की समूहाला, हे मराठी वाचक तपासू शकतो. आदरार्थी 'तुम्ही' व इंग्रजीवरून होणारी भाषांतरे यांच्याबाबत सावधगिरी आवश्यक आहे.

४) बेने इस्राएलांची हगादा व मलिदा, टिळकांचा अभंग, रमाबाईंचे व दिब्रिटोंचे भाषांतर या परंपरांनी व्यक्तिगत चिंतनाला समूह, काव्य व संहिता यांची जोड दिली आहे. केवळ वेचक वचनांवर आधारलेले चिंतन या परंपरांच्या तुलनेत तोकडे आहे.

५) अपूर्ण राहिलेल्या अभिवचनाचा दोष वाचकाच्या विश्वासावर ढकलणारे वाचन बायबलच्या स्वतःच्या साक्षीशी विसंगत आहे.

९. समारोप

वचन 'माझे' म्हणण्याचा अधिकार वाचकाला आहे. तो नाकारला तर संहिता केवळ पुराणवस्तू उरेल. परंतु हा अधिकार वापरताना त्या वचनावर ज्यांचा आधी हक्क होता ते निर्वासित, ज्याच्या हातून आशीर्वाद निसटला तो भाऊ आणि ज्या नगरात आपण राहतो तेथील शेजारी, यांना सोबत घेणे भाग आहे. ठाण्यातील जुन्या प्रार्थनामंदिराच्या नावात हा बोध साठवलेला आहे. याकोबाला द्वार दिसले ते घरात नव्हे, परक्या भूमीवर, रात्री आणि दगडाच्या उशीवर. द्वार दिसल्यावर तो तेथे थांबला नाही. उशाचा दगड उभा करून, त्यावर तेल ओतून तो पुढच्या वाटेला लागला.